वॉटसनमध्ये काय असावे, हा नंतरचा प्रश्न

मुंबईच्या काळा घोडा चौकातल्या जुन्या, मोडकळीला आलेल्या वॉटसन हॉटेलचा, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. कुणी म्हणतो, तिथे पुन्हा हॉटेलच झाले पाहिजे, मुळात ते हॉटेलच होते. कुणी म्हणतो, सिनेमाचे संग्रहालय करा, कारण या देशात पडद्यावर हलती चित्रे पहिल्यांदा दिसली ती इथेच. कुणाला कलादालन हवे असते. या तिन्ही सूचनांमागे एकच समजूत आहे: प्रत्येक इमारतीचे एक खरे काम असते, ते सुटले की ती बिघडते, आणि ते परत दिले की ती सुधारते. वारसा इमारतींबद्दलची आपली बहुतेक चर्चा या समजुतीवर उभी आहे. ती बाजूला ठेवल्याशिवाय या इमारतीचे, आणि मुंबई बंदराने मागे ठेवलेल्या इतर कितीतरी पेढ्यांचे आणि गोदामांचे काय करायचे हे कळणार नाही.

मूळ वापर म्हणाल तर तो हॉटेलचाही नव्हता. जॉन हडसन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, किल्ल्याची तटबंदी पाडली जात होती आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे भूखंड पडत होते. अशा एका भूखंडावर वॉटसनला उभारायचे होते ते कापडाचे मोठे दुकान आणि स्वतःचे कार्यालय. आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या प्रचंड छताच्या कामात त्याचा हात होता. लोखंडी सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजाने मुंबईला आले आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडले गेले. तोवर मालकाचा बेत बदलला होता. १८७१ मध्ये तिथे उघडले ते हॉटेल. दार उघडायच्या आतच इमारतीचा वापर एकदा बदलून झाला होता.

आणि ते तिला जड गेले नाही. दगडी बांधणीच्या इमारतीत भिंत भार वाहते, म्हणून भिंत हलवता येत नाही. इथे भार खांबांवर आणि तुळयांवर, भिंती फक्त मधली जागा भरायला. दुकान हवे तर मोकळा मजला, खोल्या हव्यात तर पडद्या घाला, कचेऱ्या हव्यात तर त्या पडद्या सरकवा. नव्या काळच्या काचेच्या टॉवरांचे जे तत्त्व आहे तेच हे. नुकसान झाले तर ते वापर बदलल्याने झाले, असे या इमारतीबाबत म्हणणे म्हणजे तिचे सगळ्यात मोठे वैशिष्ट्य विसरणे.

हॉटेलचे दिवस सुमारे तीन दशकांच्या थाटाचे. १८९६ मध्ये मार्क ट्वेन इथे उतरले. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंच्या माणसांनी एक रुपया तिकीट लावून आपली छोटी छोटी चित्रे दाखवली आणि आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलवले. म्हणजे सिनेमाचा इथला मुक्काम जेमतेम आठवड्याचा. तेवढ्यावर पाच मजले संग्रहालयाला द्यायचे, हा मला जरा फाजील उत्साह वाटतो. एक दालन आणि एक चांगला फलक पुरेसा आहे. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले, त्याला समुद्र मिळाला, वीज मिळाली, आणि वॉटसनची गिऱ्हाईके तिकडे वळली. (जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये मज्जाव झाला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट प्रत्येक मुंबईकर सांगतो. तिला भक्कम पुरावा नाही. पण चांगली गोष्ट पुराव्यासाठी थांबत नाही.) पुढे हॉटेल मिटले, मालकी बदलली, नाव बदलले, आणि खोल्या एकेक करून भाड्याने गेल्या.

त्यात राहणारी कुटुंबे होती, पण इमारतीला चेहरा दिला तो वकिलांनी. हे अगदी साहजिक होते. शेजारी सत्र न्यायालय, चालत काही मिनिटांवर उच्च न्यायालय. वकिलाला लागते एक टेबल, कपाटभर फायली, अशिलाला बसायला बाक आणि कोर्टात हाक येण्याआधी पोहोचता येईल इतके अंतर. त्याच्या भोवती टायपिस्ट, नोटरी, स्टँपवाला, झेरॉक्सवाला, चहाचा पोऱ्या, जेवणाचे हॉटेल. फोर्टातल्या कुठल्याही जुन्या इमारतीचा दुसरा मजला चढून पाहा, हीच वस्ती दिसेल. वारसाप्रेमी मंडळी या वापराबद्दल बोलताना नाक मुरडतात: विजेच्या वायरी, पत्र्याची छपरे, सज्ज्यांत घातलेल्या फळ्या, काचेच्या छताखालच्या चौकाची झालेली अडगळ. दिसायला वाईट होते, हे खरे. पण बंदराच्या आणि कोर्टाच्या शहरात व्यापारी इमारतीने जे करायचे ते ती करत होती. थोड्या जागेत खूप लोकांना कामाला बसवत होती. तिथे पुन्हा हॉटेलच हवे म्हणणाऱ्यांना हे सांगावेसे वाटते की या इमारतीत वकील आणि त्यांची मंडळी जितकी वर्षे नांदली, तितकी हॉटेलचे पाहुणेही नांदले नसतील.

मग ती पडायला कशाने आली?

मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत, फाळणीच्या लोंढ्यात, तो निर्णय योग्यच होता. भाडेकरूला रात्रीतून रस्त्यावर आणणारा घरमालक त्या काळी काल्पनिक नव्हता. बिघडले ते पुढे. तात्पुरता कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत पन्नास वर्षे चालला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात प्रमाणित भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे स्पष्ट म्हटले. कायद्याची मुदत संपतच आली आहे म्हणून त्या रद्द मात्र केल्या नाहीत. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण चार टक्के कशाचे? त्याच जुन्या रकमेचे. या भाड्यात छपराचे एक कौलही बदलता येत नाही, मग दीडशे वर्षांचे लोखंड कसे राखणार?

भाडे शून्यावर आले तरी जागेची किंमत शून्य झाली नाही. ती पागडीत, म्हणजे गाळ्याचा ताबा घेताना मोजाव्या लागणाऱ्या एकरकमी पैशात गेली. गाळा एकाकडून दुसऱ्याकडे जाताना लाखांनी पैसा फिरतो, मालकाला साधारण तिसरा हिस्सा मिळतो, आणि या उलाढालीतला एक रुपयाही कायद्याने इमारतीच्या खांबाकडे वळत नाही. फोर्टात पैसा नाही म्हणून इमारती पडतात असे नव्हे. पैसा इमारतीच्या अंगावरून वाहतो, आत मुरत नाही.

मुंबईने यावर जो उपाय काढला तो म्हणजे उपकर आणि दुरुस्ती मंडळ. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि दुरुस्ती सरकारी मंडळाने करायची असे ठरले. आज ते काम म्हाडाकडे आहे. कल्पना वाईट नव्हती. पण दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा आहे, आणि खर्च तिच्या वर गेला, वरचा भार भाडेकरूंनी उचलला नाही, तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरवता येते. गिरगावातली लाकडी चाळ आणि इंग्लंडातून आणलेला लोखंडी सांगाडा दोघांनाही हीच फूटपट्टी. मालकाने या मंडळाकडे बोट दाखवायचे, मंडळाने मर्यादेकडे, भाडेकरूने मालकाकडे. टेकू मात्र वर्षानुवर्षे उभे.

वारसा नियमावली या त्रांगड्यात उशिरा आली. १९९५ ची मुंबईची नियमावली ही देशातली अशी पहिली, आणि तिचे श्रेय कमी लेखू नये. ती नसती तर हॉर्निमन सर्कल आज आहे तसे दिसले नसते. तिने इमारतींच्या श्रेणी ठरवल्या, वारसा संवर्धन समिती नेमली, आणि ज्यांना जास्त बांधकाम करता येणार नाही त्यांना बदल्यात टीडीआर, म्हणजे तेवढे बांधकाम दुसरीकडे करण्याचा विकता येणारा हक्क, देऊ केला. पण हे सगळे हातोड्यापासूनचे संरक्षण आहे. पाण्यापासूनचे नाही. पाडायचे असेल तर समितीची परवानगी लागते. गळू द्यायचे असेल तर कुणाची लागत नाही. टीडीआर हीसुद्धा न बांधता आलेल्या मजल्यांची भरपाई आहे, दरवर्षी पावसाळ्याआधी लागणाऱ्या डागडुजीची नव्हे. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला काय हवे ते सोपे आहे: गंज खरवडणे, रंग, पन्हाळी मोकळ्या, सांध्यांत पाणी न साचणे. कंटाळवाणी, स्वस्त, दर वर्षाची कामे. ती पन्नास वर्षे झाली नाहीत की मग तज्ज्ञांचे अहवाल लागतात.

तसेच झाले. २००५ मध्ये सज्ज्याचा भाग कोसळून माणूस दगावला. त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगभरातल्या धोक्यातल्या शंभर स्थळांच्या २००६ च्या यादीत वॉटसनचे नाव घातले. जगाने दखल घेतल्याचा आपल्याला आनंद झाला. दुरुस्ती झाली नाही. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी करण्यात आली, आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, आणि संवर्धनाचे काम करणाऱ्या वास्तुविशारदांनी ती वाचवता येईल असे ठामपणे मांडले. खाली रस्त्यावर १९९९ पासून दरवर्षी काळा घोडा कला महोत्सव भरतो, लोक या इमारतीसमोर उभे राहून फोटो काढतात. असो.

तर माझे म्हणणे हे आहे. वापर बदलल्याने ही इमारत मोडकळीला आली नाही. वापर करणारा, कमावणारा आणि दुरुस्त करणारा हे तिघे एकमेकांपासून तुटले म्हणून ती मोडकळीला आली. जिथे ते तुटले नाहीत तिथे वापर कितीही बदलला तरी इमारत उभी आहे, आणि हे तपासायला फार लांब जावे लागत नाही. त्याच चौकातली आर्मी अँड नेव्ही इमारत लष्करी अधिकाऱ्यांच्या सहकारी भांडारासाठी बांधली गेली. आज तळमजल्यावर कपड्यांचे दुकान आहे. पलीकडचा सर कावसजी जहांगीर हॉल १९११ चा, भाषणे आणि मैफलींचा. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, आणि त्यासाठी आतली रचना पार बदलली गेली. हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ मध्ये स्टारबक्सने भारतातले पहिले दुकान उघडले. या तिन्ही ठिकाणी मूळ काम उरलेले नाही. पण छप्पर कुणी पाहायचे, हा प्रश्न तिथे लोंबकळत नाही.

इथे कुणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की याचा अर्थ फोर्टातल्या सगळ्या इमारती मोठ्या कंपन्यांच्या हवाली करायच्या का? कॉफीच्या एका कपाला जिथे टायपिस्टचा अर्ध्या दिवसाचा गल्ला लागतो, ते जतन कुणासाठी? हा आक्षेप मला हलक्यात घ्यावासा वाटत नाही. बंदरी शहरांच्या जुन्या भागांचे जगभर हेच होते आहे: माल गेला, हमाल गेले, मग चित्रकार आले, मग कॅफे, मग हॉटेल, आणि शेवटी तिथे रोज काम करणारा माणूस फक्त गणवेशातला. फोर्ट कोचीचे अ‍ॅस्पिनवॉल हाऊस हे १८६७ चे, मसाले आणि काथ्याच्या व्यापाराचे आवार. २०१२ पासून तिथे कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन भरते. फार सुंदर भरते. पण बिएनाले दोन वर्षांतून काही महिने असते, आणि पावसाळा दर वर्षी.

हॅम्बुर्गचे उदाहरण मला जास्त उपयोगी वाटते. १८८८ मध्ये सुरू झालेली तिथली श्पायखरश्टाट ही विटांची गोदाम-नगरी. कॉफी, चहा, मसाले, गालिचे ठेवायला बांधलेली. कंटेनर आले, गोदामांची गरज सरली. तिथे आज कचेऱ्या आहेत, खेळण्यांतल्या रेल्वेचे अफाट प्रदर्शन आहे, संग्रहालये आहेत. २०१५ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. महत्त्वाचे हे की ही गोदामे बंदराशी जोडलेल्या एकाच कंपनीच्या ताब्यात राहिली, आणि तिथली डागडुजी ही कुणी कुणावर ढकलायची गोष्ट झाली नाही. उलट लिव्हरपूलने आपला अल्बर्ट डॉक देखणा करून दाखवला, भोवती मात्र टोलेजंग बांधकामांना मोकळे रान दिले आणि २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा गमावला. डॉक आजही उभा आहे, लोक तिथे जातात. दर्जा जाण्याने त्याची एक वीटही पडली नाही. कागदावरचा मान आणि विटेची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतके तरी यातून घ्यावे.

मुंबईपुरते बोलायचे तर गरिबाला हाकलण्याची भीती आणि दुरुस्तीच्या भाड्याची गरज यांत निवड करायची वेळ आलेली नाही, आणि ती आली आहे असे दाखवणे दोन्ही बाजूंच्या सोयीचे आहे. १९९९ च्या कायद्याने एक महत्त्वाची फोड आधीच केली: बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाड्याचे संरक्षण काढून घेतले. आकाश कोसळले नाही. तत्त्व मान्य झालेले आहे की भाडेकरू भाडेकरूंत फरक असतो. तेच पुढे न्यायचे. वारसा श्रेणीच्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाचे भाडे संरक्षित ठेवा. धंद्यासाठी घेतलेल्या गाळ्याचे, मग तो वकिलाचा असो की शिपिंग एजंटचा, भाडे दुरुस्तीच्या खर्चाशी बांधा. बाजारभावाशी नव्हे, दुरुस्तीच्या खर्चाशी. वर्षाला या इमारतीला राखायला किती लागतात ते संवर्धन अभियंता काढील, आणि ती रक्कम चौरस फुटांवर वाटायची. फोर्टात चेंबर असलेल्या वकिलाला ती परवडणार नाही असे मला कुणी पटवून देऊ नये.

यावर घरमालक म्हणेल की बाजारभाव का नाही, माझी मालमत्ता आहे. बरोबर आहे, पण ही मालमत्ता पाहायला पर्यटक येतात, ती शहराच्या नकाशावर शहराने जपली आहे, आणि बहुतेक वेळा ती आजच्या मालकाने पागडीसकटच्या स्वस्त भावात घेतलेली असते. आणि भाडेकरू म्हणेल की वाढीव पैसे मालक खिशात घालील. तेही बरोबर आहे. म्हणून ते पैसे मालकाच्या खात्यात जाताच कामा नयेत. इमारतीच्या नावाचे वेगळे खाते, त्यावर मालक, भाडेकरू आणि वारसा समितीचा अभियंता अशा तिघांच्या सह्या. पागडीच्या प्रत्येक व्यवहारातला ठरावीक हिस्साही त्यातच. आज हे व्यवहार कायद्याला मान्य आहेत, म्हणजे त्यावर हिस्सा लावायला अडचण इच्छेचीच आहे.

वॉटसनबद्दल मी एवढेच मागेन की तळमजल्याची रस्त्याकडची बाजू लोकांसाठी मोकळी असावी, वरच्या मजल्यांत पुन्हा छोट्या कचेऱ्या असाव्यात, आणि चौकावरचे काचेचे छत परत यावे. हॉटेलला माझा तात्त्विक विरोध नाही. पण हॉटेल एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर उभे राहते, आणि ते गिऱ्हाईक सोडून गेले की काय होते हे याच इमारतीने १९०३ नंतर पाहिले आहे. शंभर भाडेकरूंपैकी दहा गेले तरी नव्वदांच्या पैशात रंग लागतो.

हा प्रश्न एका चौकाचा असता तर इतके लिहिलेही नसते. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये न्हावा शेव्याला सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक मुंबईच्या गोद्यांकडून तिकडे गेली. बॅलार्ड इस्टेट, जी पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ च्या दरम्यान भराव टाकून वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली उभी केली, तिथल्या जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या एकेक करून पातळ झाल्या. माझगाव, दारूखाना, कॉटन ग्रीन, शिवडीपर्यंतची गोदामे कशासाठी वापरायची याचे आराखडे अधूनमधून वर येतात, आणि त्यांत विहारपथ, मरिना, हॉटेले यांची रंगीत चित्रे असतात. या जमिनींचा मोठा मालक पोर्ट ट्रस्टच, म्हणजे आजचे मुंबई बंदर प्राधिकरण, एक सार्वजनिक संस्था. तिच्या भाडेवाढीवरच्या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सरकारी मालकाने भाडे वाढवताना नफेखोर घरमालकासारखे वागू नये. खासगी मालकाशी भांडायला भाडे कायदा लागतो. इथे मालकच आपला आहे, करार लिहायचेच आहेत. पहिल्या करारातच दुरुस्तीच्या खात्याचे कलम, त्याच्या वार्षिक हिशेबाची जाहीर प्रत आणि रस्त्याकडच्या गाळ्यांपैकी काही छोट्या धंद्यांसाठी राखीव, हे लिहून घेता येते. गोदामात पुढे काय उघडायचे ते भाडेकरू ठरवतील, दहा वर्षांनी बदलतीलही.